शववाहिनीला घाई कसली?

नाही, पण मला एक सांगा, शववाहिनीला घाई कसली असते हो? सांगा ना! मागे जो झोपलाय त्याला कुठे गाडी पकडायची नाहीये, शेजारी जो बसलाय त्याला रस्ता संपूच नये असं वाटतंय, आणि चालवणारा मी... मी तर जन्मात कधी तिसाच्या वर काटा जाऊ दिलेला नाही! आणि अशा गाडीच्या पोटाखाली आणून बसवला तो धूर गाळायचा डबा, आणि तो डबा म्हणे वीस मिनिटं ऐंशीने पळवल्याशिवाय साफ होत नाही! ऐंशी! शववाहिनी! अहो, मागचा माणूस उठून बसेल ना!

हसू नका. तुम्हाला सगळं सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर असून वेगाला घाबरतो? भित्रा नाही हो मी, सावध आहे! बायको म्हणते, "भित्र्याला इस्त्री केली की सावध होतो." म्हणू दे. तिचं काय जातंय, तिला कुठे चालवायचीय! आधी मी रुग्णवाहिकेवर होतो. तिथे काय विचारता... वर भोंगा बोंबलतोय, मागून नर्स ओरडतेय "पळवा, पळवा!", पेशंटचा भाऊ खिडकीतून हात काढून रस्त्यावरच्यांना हाकलतोय, आणि मी आपला सिग्नलला उभा. लाल होता हो! लाल असताना कसं जाणार? शेवटी तो पेशंटच उठून बसला, म्हणाला, "मला इथेच उतरवा, मी चालत जातो." दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तू असं कर, शववाहिनीवर जा. गाडी साधारण तीच. फक्त घाई नाही." अहो, मला तर देवच पावला!

हळू निघायचं, हळू वळायचं, गचका म्हणून द्यायचा नाही. आणि या कामाचा नियम एकच... निघालेली गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. बाकी काही चुकलं तर लोक विसरतात. पण भर चौकात शववाहिनी बंद पडलीय, पुढच्या ट्रकला दोरी बांधून तिला ओढत नेतायत, आत कुणाचा तरी बाप आहे, आणि पोरं मागून बघतायत... हे कोण विसरेल? मला हे स्वप्नात दिसायचं. घामाघूम होऊन उठायचो.

तर हा डबा आला धूरसाहेबांमुळे. धूरसाहेब म्हणजे धूर तपासायच्या खात्यातले अधिकारी. खरं नाव असेल काहीतरी, पण सगळे ड्रायव्हर धूरसाहेबच म्हणायचे, समोरसुद्धा, आणि ते ओ द्यायचे. यार्डात यायचे, गाडीच्या मागे गुडघे टेकायचे, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचे आणि ओरडायचे, "दाबाऽऽ!" मी दाबलं. रुमाल काळा कुळकुळीत. मग ते उठले, आधी पोटभर खोकले, आणि त्या बसलेल्या आवाजात मला म्हणतात, "तुमच्या गाडीमागून... माणसं चालत जातात ना?"

"जातात साहेब."

"पायी?"

"पायीच."

"म्हणजे हे सगळं त्यांच्या छातीत."

मी म्हटलं, "साहेब, पण धूर तसा फार दिसत नाही हो."

"दिसतो तो नाकात अडकतो. दिसत नाही तो आत जाऊन मुक्काम करतो. पिठाहून बारीक काजळी असते ती. छातीतून रक्तात जाते." आणि पुन्हा खोकला. दिली ना गाडी नापास करून, म्हणाले, आधी धूर गाळायचा डबा बसवा! गाडीचे मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, जसा काही धूर मीच तोंडाने सोडत होतो.

पण खोटं कशाला बोलू, डबा बसला आणि फरक पडला. आधी लोक मागून चालताना ढसाढसा रडायचे. अगदी लांबचे नातेवाईक, शेजारी, ज्यांचं मेलेल्याशी वर्षानुवर्षं भांडण ते... सगळे रुमाल डोळ्यांना लावून! जावईसुद्धा! डबा बसला आणि जावयांचं रडणं बंद झालं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की निम्मं रडणं आमच्या सायलेन्सरचं होतं.

इथवर ठीक होतं. पण डबा ज्या मेकॅनिकबाईंनी बसवला त्यांनी मला समजावून सांगायला घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई मोठ्या हौशीने सांगतायत, "आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आहे. काजळी तिच्यात अडकते. साठत गेली की जाळायची."

"कुणी जाळायची?"

"आपोआप जळते. गाडी जोरात पळाली की पाइप तापतो, सहाशे डिग्रीपर्यंत जातो, आणि सगळी काजळी भुर्र!"

"सहाशे? आणि हा पाइप जातो कुठून?"

"तुमच्या सीटखालून."

तुम्हाला सांगतो, मी उभा होतो तरी सीटवरून उठलो! त्या म्हणतात, "घाबरता काय, मधे पत्रा आहे ना!" पत्रा! अहो, भाकरी कशावर भाजतात? पत्र्यावरच ना!

"हे बघा," त्या म्हणाल्या, "सोपं आहे. पिवळा दिवा लागला की गाडी बायपासला न्यायची, ऐंशीने वीस मिनिटं. दिवा लुकलुकायला लागला तर लगेच न्यायची. आणि लाल झाला की मग पळवू नका."

"का?"

"पळणारच नाही. गाडी रांगायला लागेल आणि थांबेल. मग ओढूनच आणावी लागेल."

दोरी! आलं ना माझं स्वप्न फिरून!

मग मी काय केलं? आता जो काही शहाणपणा केला तो सांगतो. दिवा लागला की मी गाडी बंद करायचो. झालं! कधीकधी ती आपली आपणच तापायला सुरुवात करायची, खालून पंखा घोंघावायचा, जळका वास यायचा, की मी चटकन किल्ली फिरवायचो, खाली उतरून लांब उभा राहायचो. भित्रा नाही हो मी, सावध आहे! मला वाटायचं, मी रोज आग विझवतोय. प्रत्यक्षात मी रोज अर्धं शिजलेलं पातेलं गॅसवरून उतरवून ठेवत होतो. आणि तो दिवा काही जाईना. मेला पिवळा डोळा वटारून बघत बसायचा माझ्याकडे. शेवटी एक दिवस मी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. अहाहा! काय शांत झोप लागली म्हणून सांगू त्या दिवशी!

आणि मग धूरसाहेब गेले.

मालकांचा फोन आला. मालकांचा आवाज म्हणजे कायम तोंडात सुपारी असल्यासारखा... "उद्या धूरसाहेबांना न्यायचंय. अख्खं खातं येणार आहे. गाडी लखलखीत पाहिजे. आणि मागून धुराची एक रेघ जरी निघाली ना, तर गाडी यार्डात लाव, किल्ली टेबलावर ठेव आणि तसाच घरी जा."

बायकोला म्हटलं, मला ताप आलाय, तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "कुठे? चला, डबा भरून ठेवलाय." तिने जेवणाचा म्हटलं, माझ्या काळजात मात्र दुसराच डबा भरलेला!

सकाळी गेलो. जिन्यातून साहेबांना खाली आणलं, मागे ठेवलं, टपावर फुलांची चक्रं बांधली. त्यांच्या बाई, म्हणजे पत्नी, माझ्या शेजारी बसल्या. एवढीशी मूर्ती, मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. डोळे कोरडे. मागच्या गाडीत मुलगी-जावई, आणि त्यांच्यामागे खात्याच्या गाड्यांची ही रांग! एकेक गाडीत चार-चार धुराचे अधिकारी, सगळ्यांची नजर कुठे? माझ्या सायलेन्सरवर! अहो, माणूस गेलाय तुमचा, त्याच्याकडे बघा की!

निघालो. बाजारपेठेतून, आपलं वीसने, पंचवीसने. आरशात बघतोय, धूर नाही. देवा, एवढं पार पाड! आणि बाई एकदम वाकल्या, डोळे बारीक केले, म्हणाल्या, "ही चिकटपट्टी कसली?"

"ते... ते असंच. ऊन येतं."

त्यांनी नखाने टोक उचललं आणि सर्रकन पट्टी ओढून काढली. खाली दिवा... लुकलुक, लुकलुक, लुकलुक! किती दिवस लुकलुकत होता बिचारा अंधारात, कोण जाणे!

"भरलाय," बाई म्हणाल्या.

"जातो तो आपोआप..."

"जात नाही. तीस वर्षं जेवताना हेच ऐकलंय मी. लोकांच्या घरी भाजीत मीठ कमी की जास्त यावर बोलणं होतं, आमच्याकडे काजळी. अर्धवट असताना किती वेळा बंद केलीत गाडी?"

माझी बोबडी वळली. म्हटलं, "रो... रोज."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता रडतील. पण उघडले आणि म्हणाल्या, "मग हा आता लाल होणार. इथेच, बाजारात. बायपासला घ्या."

"बाई, स्मशान डावीकडे आहे."

"मला माहितेय कुठे आहे. उजवीकडे घ्या."

"पण वेळ ठरलीय, लोक मागे आहेत, मालक..."

आणि मग त्या बाई, एवढ्याशा, माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "या माणसाने आयुष्य घातलं हो या डब्यापायी. गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या डब्यानेच आज रस्त्यात अडवलं, आणि दोरी बांधून ओढत नेलं यांना त्यांच्या माणसांसमोर, तर... मला नाही बघवणार. पळवा."

उजवीकडे घेतली. मला वाटलं, मागचे तरी हॉर्न वाजवतील, अडवतील, म्हणतील "अरे वेडा झालास का?" छे! शववाहिनी जाईल तिकडे जायचं, तिच्या पुढेही जायचं नाही आणि तिला सोडायचंही नाही, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. अख्खी रांग माझ्यामागे उजवीकडे वळली!

बायपासला लागलो. चाळीस. पन्नास. माझे हात स्टिअरिंगला असे चिकटलेले, की नंतर एकेक बोट सोडवावं लागलं. पंचावन्न. टपावरचं एक चक्र सुटलं, फुलं उधळली ती थेट मागच्या गाडीच्या काचेवर, आरशात बघतो तर जावई वायपर चालू करून येतोय! साठ. एका ट्रकवाल्याने मला बघितलं, गाडीवरची अक्षरं वाचली, मागची पळती रांग बघितली, आणि ट्रक कडेला लावून खाली उतरून उभा राहिला. त्याला काय वाटलं असेल? की आता यांनाही वेळ पुरत नाही?

फोन वाजला. मालक. माझे हात मोकळे कुठले! बाईंनीच उचलला. फोनमधून सुपारीचा आवाज, "कुठे आहेस रे?"

"बायपासला," बाई म्हणाल्या.

"बाय... कोण बोलतंय? बायपासला कशाला?"

"डबा साफ करतोय."

"आत्ता?"

"यांच्याबरोबर आता पुन्हा कधी जमणार?" म्हणाल्या, आणि फोन पर्समध्ये टाकून पर्स बंद. माझा फोन हो!

आणि सुरू झालं. खालून पंखा घोंघावायला लागला. वास आला. सीट गरम... बाई म्हणतात सीट गार आहे, पण मला माझ्या बुडाखाली सहाशेच्या सहाशे डिग्री मोजता येत होते! मी ओरडलो, "बाई, जळतंय!"

"जळू दे. जळायलाच हवंय. पासष्टवर काय रेंगाळताय?"

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

बाईंनी खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाल्या, "वाटते ना. आज संध्याकाळची वाटते. परत गेल्यावर दार मलाच उघडायचंय, आणि आत कुणी खोकणार नाहीये. त्याची वाटते. याची कसली?"

त्याच पुढे सांगायला लागल्या, बाहेर बघत, "तीस वर्षं गाड्यांच्या मागे गुडघे टेकून बसायचे. मी म्हणायचे, तोंडाला काही बांधा. म्हणायचे, बांधलं तर वास कसा कळणार? शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. तर त्याकडे बघून मला म्हणतात, 'बघ गं, अगदी सायलेन्सरसारखी दिसतेय.' आणि हसले. मला इतका राग आला होता त्यांचा..."

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात एक विचार शिरला. इतकी वर्षं माझ्या गाडीमागून चाललेली ती सगळी माणसं... म्हातारेकोतारे, बायका, कडेवरची पोरं... हळू चालवतो म्हणून माझं कौतुक करायचे! हळू म्हणजे काय, तर धूर जास्त वेळ! आणि त्यांच्यातले काही जण, मला चेहरे आठवतात हो, दोन-चार वर्षांनी माझ्याच गाडीतून गेले... म्हणजे धंदा मीच वाढवत होतो की काय! नसेलही तसं. पण त्या क्षणी पाचावर धारण बसली. भित्रा नाही मी, सावध आहे, म्हणत आलो जन्मभर. कशाला सावध होतो मी? काट्याला! आणि मागे काय चाललं होतं, ते आरशात दिसत नव्हतं म्हणून बिनधास्त!

पाय आपोआप खाली गेला. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. मी ओरडत होतो म्हणे. बाई सांगतात, मी पूर्ण वेळ "आईऽऽ" असं ओरडत होतो. मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की वळणाचा फाटा आला, मी ब्रेककडे पाय नेला आणि बाई कडाडल्या, "अर्धवट सोडू नका!" फाटा गेला. पुढचा आला, "अजून नाही!" तोही गेला. मागे आरशात खात्याच्या गाड्या ओळीने, दिवे लावून, ऐंशीने. शेतं गेली, कारखाने गेले, गाव संपलं, दुसऱ्या गावाची पाटी आली...

आणि दिवा विझला.

विझला हो! पिवळा नाही, लाल नाही, काही नाही. गाडी कडेला घेतली, खाली सुकं गवत नाही ना ते बघून... आणि मागून दारं धडाधड उघडायचे आवाज. म्हटलं, आता हे मला इथेच आडवा करणार, आणि न्यायला गाडीसुद्धा आयती आहे! बाईंनी खाली उतरून मुलीला काय ते सांगितलं. खात्याचा एक टक्कल पडलेला अधिकारी पुढे आला, काही न बोलता गाडीच्या मागे गेला, गुडघे टेकले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि पाइपापासून हातभर लांब धरला. म्हणाला, "दाबा."

मी दाबलं. तो उठला आणि रुमाल बाईंच्या हातात दिला. कोरा करकरीत. इस्त्रीची घडीसुद्धा दिसत होती त्यावर. बाईंनी तो इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि सकाळपासून ज्या बाईंच्या डोळ्याला पाणी नव्हतं, त्या तिथे हायवेच्या कडेला उभ्या राहून तोंडाला तोच रुमाल लावून हमसून हमसून रडायला लागल्या. मुलीने धरलं त्यांना. धुराचे अधिकारी सगळे खाली बघत उभे. आणि मीही... जाऊ द्या.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "आता सावकाश चला. अगदी सावकाश. मला काही घाई नाही." तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी मी त्या दिवशी चालवली. पोचलो तेव्हा स्मशानातली आमची वेळ केव्हाच टळून गेली होती. एक तास ताटकळलो, पण कुणी एक अक्षर बोललं नाही.

मालक बोलले. मला वाटलं, किल्ली टेबलावर ठेव म्हणतील. तर म्हणतात, "आता तुला अनुभव आहे. दर आठवड्याला रिकामी गाडी बायपासला न्यायची आणि डबा जाळून आणायचा."

"मी? एकटा?"

"मग मी येऊ?"

पहिल्या खेपेला यार्डातून बाहेर पडतोय तर फाटकाशी बाई उभ्या. मांडीवरची ती पर्स आता खांद्याला. म्हणाल्या, "मी येते. संध्याकाळी घरी बसून तरी काय करायचंय?" नाही कसं म्हणणार? बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "बरं झालं, निदान कुणीतरी मोठं माणूस बरोबर आहे तुमच्या." तेव्हापासून दर आठवड्याला आम्ही दोघं. रिकामी शववाहिनी, ऐंशीचा काटा, मी अर्धे डोळे मिटलेला, बाई खिडकी उघडी टाकून बाहेर बघतायत, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस गाडी थांबवून हात जोडतोय. सवय होत आली होती हो मला. खरंच होत आली होती. घाम यायचा, पण कमी यायचा.

आणि काल बाई म्हणतात, "ऐंशीला वारं नीट लागत नाही. नव्वद करा."

काय सांगू... केले.